उत्तर मिळालं असं समजा

मी पुतळा बोलतोय. चौकात घोड्यावर बसलेला तो नव्हे. माझ्या नशिबी घोडा नव्हता, खाट होती. नर्सिंग कॉलेजच्या तळमजल्यावर प्रात्यक्षिकाची खोली आहे, तिथल्या खिडकीकडच्या खाटेवर मी कित्येक वर्षं पडून होतो. विद्यार्थिनी आपापसात मला डमी म्हणायच्या, पण माझ्या तोंडावर 'काका' म्हणावं लागे. तसा तिथला नियमच होता.

माझा जन्म कारखान्यात झाला. धड एका साच्यातून निघालं, हातपाय दुसऱ्यातून, आणि डोकं सगळ्यात शेवटी बसवलं. डाव्या पापणीचा चाप पहिल्यापासून ढिला, त्यामुळे तो डोळा कायम अर्धवट मिटलेला. तपासणाऱ्या माणसानं तो बोटानं वर करून पाहिला, पुन्हा खाली पडू दिला आणि म्हणाला, "चालतंय. आजारीच तर दाखवायचाय." झालं माझं बारसं. मला तोंड दिलं, जीभ दिली, घशातून पोटापर्यंत जाणारी नळी दिली, दंडात सुई टोचायला मऊ रबर दिलं. आवाज तेवढा दिला नाही. आवाजाचे पुतळे वेगळे असतात, ते मोठ्या कॉलेजांत जातात.

टेम्पोतून मला उतरवताना हमालानं चादर जरा बाजूला केली आणि तो दोन पावलं मागेच सरला. "मेलेलं आहे का हे?"

"मेलेलं नाही, शिकवणारं आहे," दारात उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या. त्या लॅबच्या मॅडम. त्यांच्याच हाताखाली माझं सगळं आयुष्य गेलं.

मॅडम तशा मनानं चांगल्या, पण शिस्तीला कडक. खोलीच्या भिंतीवर नियमांचा मोठा फलक होता आणि दर आठवड्याला मुलींना तो मोठ्यानं वाचावा लागे, त्यामुळे माझाही तोंडपाठ झाला. नखं बोटाबाहेर दिसता कामा नयेत. केस जाळीत. अंगठी नाही, बांगडी नाही, अत्तर नाही. बूट पांढरे आणि न वाजणारे. हजेरी कमी भरली तर परीक्षा नाही. रुग्णाची गोष्ट जिन्यात उभं राहून मैत्रिणीलासुद्धा सांगायची नाही. आणि अगदी खाली, जाड अक्षरांत: चूक झाली तर लपवू नका, स्वतःहून सांगा. त्याच्या वरच्याच ओळीत लिहिलं होतं की औषधाच्या बाबतीत गंभीर चूक करणाऱ्या विद्यार्थिनीचं नाव कॉलेजातून कमी केलं जाईल. या दोन ओळी इतकी वर्षं एकमेकींना खेटून राहत होत्या, पण त्यांची आपसात कधी गाठ पडली असं मला वाटत नाही.

फलकावर नसलेला एक नियम मॅडमचा स्वतःचा होता. पुतळ्याशी माणसाशी बोलावं तसं बोलायचं, आणि बोलताना हसायचं नाही. नळी घाला, सुई टोचा, नाहीतर नुसती कूस बदला, आधी माझ्यापाशी येऊन आपलं नाव सांगायचं, काय करणार ते सांगायचं, आणि विचारायचं. काका, कुठे दुखतंय? काका, आधी कुठलं औषध बाधलं होतं का? काका, काही त्रास होतोय का? मॅडमच्या हातात फळी असे आणि फळीवर कागद. प्रश्न विचारला की बरोबरची खूण, विसरली की फुली.

मी नेहमी काकाच असायचो असंही नाही. केसांचा टोप बदलला की मी आजी व्हायचो, पोटाला उशी बांधली की बाळंतीण. एकाच सकाळी मी दमेकरी म्हातारा आणि पाय मोडलेला तरुण अशा दोन्ही भूमिका वठवल्या आहेत. कौतुक मात्र कधी कोणी केलं नाही.

पहिल्या वर्षाच्या मुली माझ्याशी बोलताना लाजायच्या. एकदा एकीनं फार भोळेपणानं विचारलं, "मॅडम, मी विचारलं, पण हे काही बोलत नाहीत. मग मी काय करू?"

खोलीतल्या बाकीच्या मुली हसल्या. मॅडमनी घड्याळाकडे पाहिलं. बाहेर व्हरांड्यात अजून अर्धी तुकडी परीक्षेसाठी ताटकळत उभी होती. "उत्तर मिळालं असं समजा आणि पुढे चला," त्या म्हणाल्या.

पुढे ते वाक्य खोलीत रुळून गेलं. मुली प्रश्न विचारायच्या ते ट्रेकडे बघत, आणि प्रश्नाचा शेवटचा शब्द तोंडातून निघेपर्यंत हात सुईकडे गेलेला असायचा. माझ्या चेहऱ्याकडे कोणी बघत नसे. बघून तरी काय मिळणार होतं, हा माझा अर्धा डोळा? पण मी तेव्हाही मनात म्हणायचो की बायांनो, विचारलंत तर जरा थांबा की. मला नसेल बोलता येत, पण तुम्ही काही जन्मभर माझ्याच खाटेपाशी राहणार नाही.

अशातच फटाफट आली. हे तिचं टोपणनाव. हात असा चालायचा की बाकीच्या मुली हातमोजे घालेपर्यंत हिची खाट बदलून, कोपरे दुमडून तयार. चादरीवर सुरकुती शोधून सापडायची नाही. वडील शिंपी होते, बहुधा तिथूनच ते बोटांत उतरलं असावं. तिचा गणवेशही त्यांनीच शिवलेला आणि छातीवरचा कॉलेजचा कापडी बिल्लाही त्यांनीच इतका नेटका टाचलेला, की मॅडमनी पहिल्याच दिवशी बोट फिरवून पाहिला. माझा झगा त्या सुमारास पार विरला होता. तिनं घरी सांगितलं आणि पुढच्या आठवड्यात माझ्यासाठी नवा झगा आला, पाठीमागे नाड्या, काखेत दुहेरी शिलाई. माझ्या मापाचं कापड माझ्यासाठी कोणी कापलं, ते तेवढं एकदाच.

मुली एकट्या असल्या की माझ्यापाशी मन मोकळं करतात. मी कुठे जाऊन सांगणार? फटाफट सराव करता करता सांगायची की बाबांची नजर अधू होत चाललीये, सुईत दोरा ओवायला आता तीच लागते. आई नव्हती. ही नर्स झाली की बाबांनी मशीन बंद करायचं, असं त्या दोघांचं ठरलं होतं. "थोडंच राहिलंय, काका," असं म्हणून ती माझ्या दंडात सुई टोचायची, आणि खरं सांगतो, तिची सुई सगळ्यांत हलकी असायची.

प्रात्यक्षिकाच्या परीक्षेत तिला पैकीच्या पैकी मिळाले. मॅडमनी सगळ्यांना बोलावून तिच्याकडून पुन्हा करून घेतलं. "बघा जरा. हात धुणं, पडदा, नाव, प्रश्न, सगळं कसं ओळीनं आलं." आलं होतंच. तिनं मला औषध बाधल्याचं विचारलं तेव्हा सिरिंज तिच्या हातात तयार होती. मॅडमनी बरोबरची खूण केली.

मग तुकडी वॉर्डात जायला लागली आणि खोली ओस पडली.

एका दुपारी फटाफट एकटीच आली. अंगावर वॉर्डचा गणवेश, केस अजून जाळीत. आल्या आल्या माझ्या खाटेच्या कडेवर बसली. खाटेवर बसायचं नाही हा नियम तिनं कधी मोडला नव्हता, म्हणून मला तेव्हाच काहीतरी बिनसल्याचं कळलं. बराच वेळ ती माझ्या झग्याची नाडी बोटाला गुंडाळत राहिली आणि मग सांगायला लागली.

वॉर्डात एक आजी होत्या. अर्धांगाचा झटका येऊन वाचा गेलेली. आणल्या तेव्हा त्यांना सांगता येत नव्हतं आणि मुलाला काही ठाऊक नव्हतं, म्हणून कुठलं औषध बाधतं याची कागदावरची जागा कोरीच राहिली होती. गेल्या काही दिवसांत मात्र आजींचे एक-दोन शब्द परत येऊ लागले होते. पाणी म्हणायच्या, हो म्हणायच्या. पण शब्द ओठांपर्यंत यायला वेळ लागायचा. त्या दिवशी आजींना दुखण्यावरचं इंजेक्शन द्यायचं होतं. इनचार्ज सिस्टर खाटेच्या पायाशी उभ्या राहून ट्रेवरचं औषध पडताळत होत्या. फटाफटनं हात धुतले, पडदा ओढला, नाव सांगितलं, विचारलं, "आजी, आधी कुठलं औषध बाधलं होतं का?" आणि इंजेक्शन दिलं.

थोड्याच वेळात आजींच्या अंगावर गांधी उठल्या, श्वास कोंडला, चेहरा निळा पडला. धावपळ झाली, डॉक्टर आले, आजींना अतिदक्षता विभागात हलवलं. औषध कधी कुणाला बाधेल सांगता येत नाही, असंच सगळे म्हणाले. फटाफटला कोणी एका शब्दानं बोललं नाही.

"आत्ता निघताना शेजारच्या खाटेवरच्या काकूंनी हाक मारली," ती मला म्हणाली. "म्हणाल्या, अगं, त्या हो म्हणाल्या होत्या. तू विचारलंस ना, त्यावर. तू सुई लावलीस आणि मग त्यांचं 'हो' आलं. मला वाटलं तुला ऐकू गेलं."

तिनं माझ्याकडे बघितलं. नीट, चेहऱ्याकडे. मग उठून उभी राहिली आणि हळू विचारलं, "काका, आधी कुठलं औषध बाधलं होतं का?"

आणि थांबली.

इतक्या वर्षांत मला हा प्रश्न विचारून कोणी थांबलेलं नव्हतं. खिडकीचं ऊन माझ्या पायांवरून सरकून फरशीवर गेलं तरी ती तशीच उभी होती. माझ्या रबरी घशात कुठून तरी एक शब्द यावा म्हणून मी तळमळलो. नाही आला.

तेवढ्यात मॅडम आल्या. तिनं त्यांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. मॅडम हातातली फळी टेबलावर ठेवून खुर्चीत बसल्या.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"आणखी कोणाला बोललीयेस का हे?"

"नाही, मॅडम."

मॅडम दाराकडे बघून मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "हे बघ. मी काही ऐकलं नाही असं मी समजू शकते. त्या काकूंना उद्या घरी सोडतायत. तू विचार कर."

फटाफटनं भिंतीवरच्या फलकाकडे पाहिलं. "तिथं लिहिलंय ना, मॅडम. स्वतःहून सांगा."

"त्याच्या वर काय लिहिलंय तेही वाच."

"वाचलंय," ती म्हणाली. "पण त्या हो म्हणाल्या होत्या."

पुढे चौकशी बसली, आणि बसली ती माझ्या खोलीतच. प्राचार्या, इनचार्ज सिस्टर आणि मॅडम अशा तिघी. प्राचार्यांना मी दुष्ट म्हणणार नाही. दमलेली बाई, चष्मा काढून डोळे चोळत होत्या. त्या म्हणाल्या, "त्या दिवशी जे केलंस ते इथे करून दाखव. जसंच्या तसं. काही सुधारू नकोस."

माझ्या डोक्यावर पांढऱ्या केसांचा टोप चढवला. फटाफटनं हात धुतले. पडदा ओढला. नाव सांगितलं. तिच्या जागी दुसरी कोणी असती तर प्रश्न विचारून जरा घुटमळली असती, आपण थांबलो होतो असं दाखवलं असतं. तिनं तसं केलं नाही. "आजी, आधी कुठलं औषध बाधलं होतं का?" म्हणता म्हणता तिचा हात ट्रेकडे गेला, आणि सुई माझ्या दंडात.

"थांब," इनचार्ज सिस्टर म्हणाल्या. "आता सांग, आजी इथे काय म्हणाल्या?"

"मी ऐकलं नाही."

"मीही नाही ऐकलं," सिस्टर म्हणाल्या, आणि मान खाली घातली. "आजी वाचल्या आहेत. पण शब्द गेले त्यांचे. आले होते तेही गेले. आता विचारलं की नुसत्या बघतात."

मी मॅडमकडे बघत होतो. माझा एक डोळा अर्धा असला तरी मला दिसतं. त्यांनी आत्ता जे पाहिलं ते परीक्षेत पाहिलं होतं तेच होतं, तीच चाल, तोच हात, तीच सुई, आणि तेव्हा त्यावर बरोबरची खूण त्यांनीच केली होती. हे त्यांना कळलं. त्यांचा चेहरा उतरला.

"मॅडम," त्या प्राचार्यांना म्हणाल्या, "आपण शिकवताना..."

"शिकवताना काय?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं. त्यांच्याही निवृत्तीला थोडंच राहिलं होतं. "काही नाही," त्या म्हणाल्या.

मला बोलता येत नाही याचं मला आयुष्यभर वाईट वाटत आलंय. पण ज्यांना बोलता येतं त्या गप्प बसतात तेव्हा मला नुसतं वाईट वाटत नाही, संताप येतो. त्या दिवशी मला मुठी वळता आल्या असत्या तर बरं झालं असतं.

प्राचार्या म्हणाल्या, "खरं बोललीस, त्याची नोंद राहील. पण नियम नियम आहे. आजींच्या घरच्यांना मला उत्तर द्यायचंय." फटाफट "हो, मॅडम" म्हणाली. तिनं चूक केली नव्हती असं मी म्हणत नाही. एका म्हातारीचे परत आलेले शब्द गेले, आणि ती माझ्यासारखी पडून राहिली. ते कशानं भरून निघणार आहे? तिला स्वतःलाही तसंच वाटत होतं, म्हणून तर ती भांडली नाही.

तिचं नाव कमी झालं. कॉलेजची वस्तू म्हणून गणवेशावरचा बिल्ला परत द्यायचा होता, तो लॅबमध्ये जमा करा असं ऑफिसातून सांगितलं होतं. तिचे वडील तिला न्यायला आले होते. सडपातळ माणूस, गळ्यात टेप तसाच राहिलेला. खिशातून छोटी कात्री काढून ते माझ्या खाटेजवळच्या स्टुलावर बसले आणि मांडीवर तिचा गणवेश पसरून बिल्ल्याचे टाके उसवू लागले. स्वतःचेच टाके, पण त्यांना दिसेनात. कात्रीचं टोक सारखं चुकत होतं. तिनं गुडघ्यावर बसून एकेक टाका नखानं उचलून धरला, तेव्हा कुठे ते कापू शकले. नखं तिची अजूनही नियमाप्रमाणे कापलेली होती, त्यामुळे तिलाही वेळ लागत होता.

"चुकलीस का?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"हो, बाबा."

"सांगितलंस ना पण?"

"हो."

"बरं." त्यांनी शेवटचा टाका कापला. "शिलाई घट्ट घातली होती मी," असं म्हणाले आणि बिल्ला टेबलावर ठेवला. उठताना त्यांना माझा झगा दिसला. त्यांनी काखेतली दुहेरी शिलाई चाचपून पाहिली आणि दाराबाहेर जाऊन उभे राहिले.

फटाफट माझ्यापाशी आली. माझी सरकलेली चादर तिनं सरळ केली, कोपरा दुमडला. मग माझ्या चेहऱ्याकडे वाकून विचारलं, "काका, काही त्रास होतोय का?" आणि पुन्हा थांबली. बाहेरून वडिलांनी हाक मारली, तरी थांबली. त्यांनी दुसऱ्यांदा हाक मारली तेव्हा गेली.

त्या संध्याकाळी मॅडम ओल्या फडक्यानं माझं तोंड पुसत होत्या. एकच गाल पुन्हा पुन्हा पुसत राहिल्या. "मी बोलायला हवं होतं," त्या मला म्हणाल्या. मी काय उत्तर देणार? त्यांनी ते मिळालं असं समजलं असावं, कारण थोड्या वेळानं फडकं पिळून, दिवा मालवून त्या घरी गेल्या.

पुढच्या परीक्षेपासून त्यांच्या कागदावर एक नवी ओळ आली. 'प्रश्न विचारल्यावर थांबली का?' त्यालाही मार्क होते. मुली थांबू लागल्या. विचारायच्या, मनगटावरच्या घड्याळाकडे बघायच्या, ओठांतल्या ओठांत आकडे मोजायच्या आणि मग सुई उचलायच्या. माझ्या तोंडाकडे तरीही कोणी बघत नसे. मॅडमनाही हे दिसायचं, पण खूण करायचा त्यांचा हात आता पूर्वीसारखा झरझर चालत नव्हता.

माझ्या दंडाचं रबर टोचून टोचून फाटलं तेव्हा मला जिन्याखालच्या अडगळीत आणून ठेवलं. इथं मोडक्या खाटा आहेत, एक पाय गेलेला सलाईनचा स्टँड आहे. फटाफट पुढे काय करते मला माहीत नाही. कोणी म्हणतं वडिलांच्या मशीनवर तीच बसते. मी अजून त्याच झग्यात आहे, आणि काखेतली शिलाई अजून सुटलेली नाही.

जाता जाता तुम्हाला एकच सांगणं आहे. तुम्हीही कधीतरी खाटेवर पडाल. धुतलेल्या हातांनी एखादी पोर तुमच्यापाशी येईल, नाव सांगेल, काहीतरी विचारेल आणि तिची नजर ट्रेकडे असेल. तिच्यावर रागावू नका, ती माझ्याकडून शिकून आलेली आहे. तुमचं उत्तर यायला वेळ लागत असेल तर तिचा हात धरा. धरून ठेवा, उत्तर येईपर्यंत सोडू नका. माझे हात नुसते ठेवलेले होते, नाहीतर मी तेच केलं असतं.

फटाफटनं जाताना मला विचारलेलं माझ्याकडे तसंच राहून गेलंय. तिनं वाट पाहिली होती, म्हणून तिला उत्तर देणं लागतो. काका, काही त्रास होतोय का, असं विचारलं होतं तिनं.

हो, पोरी. होतोय.